वहमी डॉक्टर

डॉक्टर मोघे कोणाच्या घरी रोगी बघायला गेले की आधी चूल बघत. तव्यावर काय आहे, हंडीत काय आहे, झाकण उचलून वास घेत. मग पाण्याचा माठ. मग रोग्याची खाट कुठे टाकली आहे, तिच्यावर उजेड येतो का, तिथून मोरी किती लांब. घरची माणसं खाटेभोवती ताटकळत उभी असायची आणि डॉक्टर माजघरात डब्यांची झाकणं काढत फिरायचे. शेवटी रोग्यापाशी येऊन बसले की घरच्यांना म्हणायचे, "आता तुम्ही गप्प. मी यांना विचारतोय."

नंदुरबारात त्यांना 'वहमी डाक्टर' म्हणत. आमच्याकडे वहम म्हणजे संशय. नाव त्यांच्या कानावर गेलं होतं आणि त्याचा त्यांना रागही नव्हता. फक्त ते पहिल्यांदा कोणी ठेवलं याची त्यांनी बरेच दिवस चौकशी केली.

दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या आधीची ही गोष्ट. नंदुरबार तेव्हा पश्चिम खानदेशातलं तालुक्याचं गाव. मिरची बाजाराच्या मागच्या गल्लीत एक लहानसा धर्मादाय दवाखाना होता, चार पेढीवाल्यांनी मिळून चालवलेला. मी तिथे कंपाउंडर. मिरचीच्या दिवसांत बाजारातला खकाणा थेट आत यायचा, त्यामुळे दवाखान्यात शिरणारा प्रत्येक माणूस खोकतच शिरायचा. "या गावात खोकल्यावर विश्वास ठेवू नका, कंपाउंडर," हे मोघ्यांचं मला मिळालेलं पहिलं शिक्षण.

माणूस उंच, खांद्यात जरा वाकलेला. कोटाच्या खिशात कायम भाजलेल्या शेंगा. एकटेच राहत आणि हाताने करून खात, कारण दुसऱ्याने कुटलेल्या हळदीवर त्यांचा भरवसा नव्हता. कुलूप लावलं की दोनदा ओढून बघत, थोडं पुढे जाऊन परत येत आणि तिसऱ्यांदा ओढत. असा माणूस गावाला आवडत नाही. त्यात त्यांना नाद होता म्हाताऱ्यांचा.

म्हाताऱ्या माणसाला कोणी दवाखान्यात आणलं आणि "आता वय झालं यांचं" असं म्हटलं की मोघ्यांच्या कपाळावरची शीर उठायची. "वय झालं असं म्हणणाऱ्याने काही बघितलेलं नसतं," असं ते म्हणत. मुंबईहून टपालाने त्यांना इंग्रजी वैद्यकाची मासिकं येत. म्हातारपणी माणसाची स्मृती का जाते, बुद्धी का जाते, यावर त्यात काही छापलं असलं की जेवण बाजूला ठेवून वाचत आणि शेवटी चष्मा कपाळावर ढकलून म्हणत, "मेल्यावर मेंदू कापून काय दिसलं ते लिहितात. जिवंत आहे तोवर काय करायचं, ते एकजण लिहीत नाही."

म्हणून त्यांनी स्वतःच शोध मांडला. कोणी म्हातारा खरजेसाठी आला असो की गुडघ्यासाठी, त्याला हे विचारायचे: आज कुठला वार, बाजार कधी, शेतात यंदा काय लावलंय, सगळ्यांत धाकट्या नातवाचं नाव काय. खरजेचं मलम देताना नातवाचं नाव कशाला हवं, हे कोणाला कळेना. गावात बोलवा उठली की सरकार म्हाताऱ्यांवर पट्टी बसवणार आहे आणि हा डॉक्टर मोजदाद करतोय. काही दिवस दवाखान्यात एकही पांढरं डोकं दिसेनासं झालं.

ती बोलवा मोडली झिपरू आबामुळे. झिपरू आबा मिरची वाळत घालतात त्या पथारीवर राखणीला असायचे. त्यांचा मुलगा त्यांना दंडाला धरून घेऊन आला. "डोकरानं डोकं फिरनं, डाक्टरसाहेब. काय इचारो, काय सांगस."

मोघ्यांनी विचारलं, "आबा, बाजार कधी?"

"दोन बैल शेतस," आबा म्हणाले.

मुलाने कपाळावर हात मारला. मोघे उठले, आबांच्या पाठीमागे गेले आणि टाळी वाजवली. आबा समोर भिंतीकडे बघत शांत बसलेले. मग मोघ्यांनी आरशाने उजेड पाडून त्यांच्या कानात पाहिलं आणि मला तेल कोमट करायला सांगितलं. काही दिवस तेल घालून एका सकाळी पिचकारी मारली, तेव्हा कानातून बोराच्या बीएवढा काळा मळ निघाला. दुसऱ्या कानातून तसाच. तेवढ्यात बाहेर भाजीवाली ओरडली आणि आबा दचकून उठले. इकडेतिकडे पाहिलं, मग मुलाकडे वळून म्हणाले, "आते सांग. इतला दिन मन्हा तोंडवर तू माले काय काय बोलना?"

दवाखाना हसला. मुलगा हसला नाही. मोघेही हसले नाहीत. आबा गेल्यावर मला म्हणाले, "पोराचा चेहरा पाहिलात? बापाला ऐकू यायला लागलं याचा आनंद नाही त्याला. नक्कीच काहीतरी बोललेला आहे." असे ते होते. चांगली गोष्ट घडली तरी तिच्या मागे काय आहे ते उलटून बघत.

"म्हाताऱ्याची बुद्धी गेली असं घरचे सांगतात," ते म्हणायचे, "तेव्हा माझा पहिला संशय घरच्यांवर. मग कानावर, डोळ्यावर, पोटावर, लघवीवर. हे सगळे निर्दोष सुटले तरच मी बुद्धीकडे बघतो." बऱ्याच वेळा त्यांचा संशय खरा निघायचा, आणि त्यामुळेच त्यांच्या हातून कोरीटला ती चूक झाली.

कोरीट हे जवळचंच शेतीचं गाव. तिथले लोटन पाटील आपल्या आईला दमणीत, त्या हलक्या बैलगाडीत, घालून घेऊन आले. आईचं नाव सोनामाय. सत्तरीच्या घरातली, ठसठशीत बाई. नवरा लवकर गेला, पुढे तिनेच शेत आणि घर दोन्ही चालवलेलं. लोटन पाटील म्हणाले, "मायनी मती गयी, डाक्टरसाहेब. घरमाच चोर चोर करस."

मोघ्यांनी त्यांना बाहेर काढलं आणि सोनामायला विचारलं, "आजी, आज वार कुठला?"

सोनामाय हसली. "तुमले मालूम नही का? इतलं शिकेल माणूस, आनि माले इचारतस!"

"धाकट्या नातवाचं नाव?"

"नाव काय लेवानं, बापा? मन्हा काळजाना तुकडा शे तो."

मोघे खूश झाले. डोळे बारीक करून माझ्याकडे बघितलं. सोनामायने मग त्यांना जवळ बोलावलं आणि पदर तोंडाशी धरून हळूच सांगितलं, "मन्ही वहू मन्ह्या पाटल्या चोरस. भाकरमा काहीतरी टाकस."

ती बाहेर गेल्यावर डॉक्टर म्हणाले, "डोकं शाबूत आहे. हजरजबाबी आहे. हिला घरात कोणीतरी छळतंय, कंपाउंडर, आणि मुलगा आंधळा आहे." त्या दोन्ही प्रश्नांचं उत्तर तिने दिलंच नव्हतं, हे तेव्हा ना त्यांच्या ध्यानात आलं ना माझ्या.

दुसऱ्या दिवशी आम्ही कोरीटला गेलो. सून वेणू चुलीपाशी होती. अंगाने किरकोळ, बोलणं कमी. डॉक्टरांनी पीठ हुंगलं, मीठ चाखलं, लोणच्याची बरणी उजेडात धरली. शेजारपाजारची माणसं ओट्यावर जमली. त्या सगळ्यांसमोर डॉक्टरांनी वेणूला विचारलं, "सासूच्या पाटल्या कुठे आहेत?"

लोटन पाटलांनी मान वळवून बायकोकडे पाहिलं. मला अजून वाटतं, डॉक्टरांचा प्रश्न वेणूला लागला नसेल तेवढं नवऱ्याचं ते वळून बघणं लागलं. ती उठली. सोनामायच्या पुढ्यातलं ताट उचललं, त्यातली अर्धी भाकर मोडली आणि उभ्याउभ्याच सगळ्यांदेखत खाऊन टाकली. "मी रोज हाईच भाकर खास," एवढं म्हणाली, आणि पुन्हा चुलीपाशी जाऊन बसली.

डॉक्टर विरघळले नाहीत. सोनामायला त्यांनी दवाखान्यात आणून ठेवलं. जेवण स्वतः शिजवून देऊ लागले. म्हणाले, "आठवड्यात बघा, सुधारते."

आठवडा कशाला लागतोय. आल्या आल्याच सोनामायने झाडूवाल्याला धरलं की मन्ही गाठोडी कोनी लिधी. मग माझी पाळी. आणि एका सकाळी डॉक्टर तिची नाडी बघायला वाकले तेव्हा तिने त्यांची बाही घट्ट पकडली. "हाऊच चोर शे! मन्ह्या पाटल्या यानाच खिसामा शेतस!" तिने त्यांच्या कोटाच्या खिशात हात घातला. मूठभर शेंगा निघाल्या. ती त्या शेंगांकडे बघत राहिली. मग खाटेवर मांडी घालून बसली आणि एकेक शेंग फोडून स्वस्थपणे खाऊ लागली. डॉक्टर कोण, पाटल्या कसल्या, सगळं गेलं.

मोघे भिंतीशी बाकावर बसले. मला म्हणाले, "त्या पोरीवर मी काय आळ घेतला हो."

त्याच दुपारी ते कोरीटला गेले. आदल्या वेळी ओट्यावर कोण कोण होतं ते आठवून त्यांनी प्रत्येकाच्या दारात जाऊन त्याला बोलावून आणलं आणि त्या सगळ्यांसमोर वेणूला हात जोडले. वेणू म्हणाली, "हात नका जोडू. माय जेवनी का तठे?"

मग पाटल्यांचं निघालं. वेणू म्हणाली, "पाटल्या दर खेपी गवसतस. कव्हय कणगीमा, कव्हय चुलना राखमा. मी काढीसन देस, त्या परत दपाडी ठेवतस."

"मंग तू माले सांगं काबरं नही?" लोटन पाटलांनी विचारलं.

"तुम्ही माले इचारं काबरं नही?"



तेव्हापासून दर रविवारी मोघे सायकलवर टांग मारून कोरीटला जाऊ लागले. सोनामायला घरी पोचवलं होतं. आता त्यांना बुद्धीवरच संशय होता, आणि त्या चोराला कसा धरायचा हे मासिकांत लिहिलेलं नव्हतं. ते तासन्‌तास नुसते बसून बघत. सोनामाय काय विसरते, काय विसरत नाही. वार विसरते, पण कापूस हातात दिला की बोटं सरकी बरोबर वेगळी करतात. मुलाचं नाव चुकते, पण दारात कोणी आलं की "बठा" म्हणायला चुकत नाही. हे ते मला येऊन सांगत. गावात मात्र वेगळंच चालू झालं. एकटा राहणारा डॉक्टर, घरात तरणी सून, आणि रविवार चुकत नाही. लोटन पाटील रविवारी शेतावर जायचे बंद झाले. डॉक्टर आले की समोर येऊन बसत आणि ते जाईपर्यंत उठत नसत. मोघ्यांनी ते ओळखलं होतं. मला म्हणाले, "बसू दे त्याला. आईजवळ इतका वेळ तो कधी बसला होता?"

पुढे सोनामायची झोप गेली. रात्रभर घरात येरझारा, सगळी भांडी काढायची, दार उघडून निघायचं. दिवसा शेत आणि रात्री हे, घर थकून गेलं. लोटन पाटलांनी डॉक्टरांचे पाय धरले. तेव्हा मोघ्यांनी झोपेचं मिक्स्चर लिहून दिलं. ब्रोमाइडचं. त्या काळी सगळेच देत. मी बाटली भरली. सोनामाय झोपू लागली. घर झोपू लागलं. लोटन पाटलांनी दवाखान्यात केळीचा घड आणून ठेवला आणि डॉक्टरांकडे बघून पहिल्यांदा हसले.

काही महिन्यांत सोनामाय ढासळली. जीभ जड झाली, चालताना झोक जाऊ लागला, तोंडावर पुरळ उठलं, लाळ गळायला लागली. घास तोंडात धरून तशीच बसून राहायची. गाव म्हणालं, आता संपलं. मोघे पेटले. हे इतकं झपाट्याने कसं? कोणा भगताची जडीबुटी चालू आहे का? विहिरीत काही पडलंय का? वाण्याच्या मिठात भेसळ आहे का? माझ्यावरही संशय घेतला. बाटली समोर ठेवून मला सगळं पुन्हा मापायला लावलं. माप बरोबर होतं. मी मापडं खाली ठेवलं तेव्हा ते खिडकीशी ती बाटली उजेडात धरून उभे होते.

"एकावर संशय घ्यायचा राहिलाय," ते म्हणाले.

मग सगळी जुनी मासिकं जमिनीवर पसरून बसले. म्हाताऱ्या शरीरातून हे औषध लवकर बाहेर पडत नाही, साचत जातं, आणि साचलं की माणसाची बुद्धीच झाकून टाकतं, असं त्यांना कुठेतरी सापडलं. बाटली बंद केली. भरपूर पाणी आणि ताकात मीठ घालून द्यायला सांगितलं. हळूहळू सोनामायची जीभ सुटली, पाय सावरले, पुरळ गेलं. एका रविवारी तिने वेणूचा हात धरून तिला जवळ बसवून घेतलं. नाव आठवलं नाही, पण ही आपली आहे एवढं कळलं. तिथून पुढे मात्र ती आली नाही. जे आधीच गेलेलं होतं ते गेलंच.

दुसरा कोणी असता तर इथे गप्प बसला असता. मोघे कोरीटच्या चावडीवर गेले आणि गाव गोळा करून सांगितलं, "सोनामाय मधे बिघडली ती माझ्या औषधाने. ते मी थांबवलंय. पण तिचं मूळ दुखणं वेगळं आहे, ते वाढत जाणार आणि त्यावर माझ्याकडे औषध नाही. कुणाकडेच नाही अजून."

एका म्हाताऱ्याने विचारलं, "मंग तुम्ही आठे कसाले येतस?"

"बघायला," मोघे म्हणाले. "औषध नसलं तरी बघायला लागतं."

लोकांनी यातलं एवढंच घरी नेलं की डॉक्टरचंच औषध डोकरीला बाधलं. दवाखान्याच्या पंचांच्या, म्हणजे त्या चार पेढीवाल्यांच्या, कानावरही ते तेवढंच गेलं.

झोपेचं औषध थांबलं तशी सोनामाय पुन्हा हिंडू लागली. आता तिची वेळ ठरलेली असायची, गुरं घरी परतायची वेळ. धूळ उठली, गळ्यातल्या घंटा वाजल्या की ती उठायची आणि काहीतरी शोधत निघायची. अशीच ती एका संध्याकाळी शेजारच्या तुळसाच्या घरात शिरली, झोळीतलं तान्हं पोर उचललं आणि घेऊन गेली. तुळसाने हंबरडा फोडला. सगळं गाव धावलं. नाल्याच्या काठी लिंबाखाली सोनामाय पोर मांडीवर घेऊन बसली होती, त्याला थोपटत होती. पोराला काही झालेलं नव्हतं, ते झोपलेलं होतं.

पण दोनेक दिवसांत त्याला थंडी वाजून ताप भरला. आणि कोणीतरी तो शब्द बोललं. डाकीण.

आमच्या भागात हा शब्द एकदा निघाला की परत तोंडात जात नाही. सोनामायची बडबड, तिचं हिंडणं, दुसऱ्याच्या पोराकडे टक लावून बघणं, सगळ्याचा अर्थ लोकांना एकदम लागला. बाहेरून भगत आणला. त्याने पाटलांच्या घराकडे बोट केलं. दुसऱ्या दिवशी सकाळीच लोटन पाटील दवाखान्यात आले ते धापा टाकत. "डाक्टरसाहेब, मन्ही मायले लोके मारी टाकतीन."

आम्ही पोचलो तेव्हा पाटलांच्या दारासमोर माणसं उभी होती. काहींच्या हातात काठ्या. वेणू उंबऱ्यावर बसली होती, मांडीवर विळा. आतून सोनामायचा आवाज येत होता, "कोन उनं? बठा, बठा." मला वाटलं डॉक्टर तिथे थांबून लोकांना समजावतील. ते गर्दीतून सरळ चालत पुढे गेले, तुळसाच्या घरात. लोक बुचकळ्यात पडून मागोमाग आले.

मोघ्यांनी पोर उघडं करून पाहिलं. पोटात डावीकडे प्लीहा वाढलीय का, ते बोटं दाबून पाहिलं. मग बाहेर येऊन विचारलं, "या आळीत आणखी कोणाला थंडीताप?"

मग एक बाई म्हणाली, मन्हा घरधनीले शे. दुसरी म्हणाली, आमना पोऱ्यालेबी. डॉक्टर त्या घरांत गेले, माणसं मागे. प्रत्येक दारात ते एकच विचारत, "सोनामाय इथे आली होती?"

"नही."

"नक्की नाही? आठवून सांगा. मी संशयी माणूस आहे."

"नही उनी, साहेब."

"मग इथे ताप कोणी आणला?"

असे ते आळीभर फिरले. शेवटी घरांच्या मागे, माती काढून पडलेल्या खड्ड्यात पाणी साचलं होतं तिथे उभे राहिले. पाण्यावर डासांची अळी वळवळत होती. "हा धरा. याला मारायचा तर काठ्या इथे घाला. हा हिवताप आहे."

काठीवाल्यांतला एक पुढे आला. "आनि आते तुम्ही पोरले औषध देशात. तुमनं औषध आमले मालूम शे." मागून हुंकार उठला. चावडीवर स्वतः सांगितलेलं असं त्यांच्याच अंगावर आलं.

मोघ्यांनी क्विनाइनची पुडी काढून हातात धरली आणि ते तुळसासमोर थांबले. ती पोर छातीशी धरून दारात उभी होती. विशीचीही नसेल.

"डाक्टरसाहेब, खरं सांगा," ती म्हणाली. "सोनामायले तुमनं औषध बाधनं ना?"

"बाधलं."

"मंग हाई मन्हा पोरले बाधाव नही कशावरून?"

मोघ्यांनी पुडीचा कागद उलगडला. मग म्हणाले, "बाधलं होतं हे मी सांगितलं नसतं, तर तुला कळलं असतं का?"

तुळसा त्यांच्याकडे बघत राहिली. मग खाली बसली, पोर आडवं घेतलं आणि त्याचं तोंड उघडून धरलं.

पोराचा ताप उतरेपर्यंत मोघे कोरीटलाच राहिले, शाळेच्या ओसरीत. एवढ्या दिवसांत लोकांनी त्यांना पाणी दिलं, पण त्यांच्याशी बोलायला कोणी बसलं नाही. ताप गेला आणि पोर पुन्हा दूध ओढू लागलं, तेव्हा काठ्या आपोआप कोपऱ्यात गेल्या.

त्याच मुक्कामात त्यांनी सोनामायची ती वेळ नीट बघितली. वेणूला विचारलं, ही गुरं यायच्या वेळीच का उठते? वेणूने विचार करून सांगितलं की लोटनच्या आधी सोनामायला एक मुलगी झाली होती. ती दुष्काळात गेली, सोनामाय गुरांमागे गेली असताना. घरी आली तेव्हा झोळी रिकामी होती. हे सोनामायने एकदाच, फार वर्षांपूर्वी तिला सांगितलं होतं. डॉक्टर म्हणाले, "म्हणजे ती हिंडत नाही. शोधते."

त्यांनी आणि वेणूने मग त्या वेळेचा बंदोबस्त केला. दाराला कडी घालायची नाही. गुरांची धूळ दिसायच्या आधीच तिच्यापुढे कापसाचा ढीग टाकायचा आणि कोणीतरी सोबत बसायचं. पाटल्या हरवल्या म्हणाली की नाही म्हणायचं नाही, तिच्याबरोबर शोधायला लागायचं. लोटन पाटलांकडे रविवारची आणि बुधवारची संध्याकाळ दिली. पहिल्यांदा ते ओशाळल्यासारखे बसत, पुढे आईबरोबर सरकी काढू लागले. आणि एका संध्याकाळी तुळसा पोर घेऊन आली. आधी उंबऱ्यापाशी बसली. मग जरा पुढे. मग काही न बोलता पोर सोनामायच्या मांडीवर ठेवलं आणि आपला हात त्याच्या पायावर तसाच राहू दिला. सोनामाय त्या दिवशी कुठे गेली नाही.

सगळं गाव बदललं असं मी म्हणणार नाही. सोनामाय ओट्यावर दिसली की पोरांना आत ओढणाऱ्या बाया शेवटपर्यंत होत्या.

नंदुरबारला पंचांनी मोघ्यांना बोलावलं. औषध बाधलं तर बाधलं, ते चावडीवर सांगायची काय गरज होती, असा त्यांचा सवाल होता. दवाखान्याचं नाव जातं. मोघ्यांनी वाद घातला नाही. पेटी भरली, मासिकं दोरीने बांधली. सुरतेच्या बाजूला एका लहान गावात त्यांना जागा मिळाली होती.

जायच्या दिवशी दुपारी म्हणाले, कोरीटला जाऊन येऊ. मी त्यांची पेटी टाकून बैलगाडी जोडली. सोनामाय तोवर कोणालाच ओळखत नव्हती. ओट्यावर उभी राहून ती एकच घोकत होती, "माले घर जावानं शे." वेणू तिला "हाईच घर शे, माय" असं म्हणणार तेवढ्यात डॉक्टरांनी हाताने तिला थांबवलं. "चला," सोनामायला म्हणाले, "मी पोचवतो."

दोघं निघाले. मी गाडीपाशी उभा राहून बघत होतो. कपाशीच्या बांधाने ती पुढे, ते अर्धं पाऊल मागे. मधेच ती थांबायची, काहीतरी दाखवायची, ते वाकून बघायचे. इंजिनाची शिट्टी नंदुरबारच्या दिशेने एकदा ऐकू आली, पण त्यांनी चाल वाढवली नाही. बांध, नाला, शाळेची मागची बाजू, असं सगळ्या गावाला वळसा घालून ती दोघं त्याच घरासमोर आली. सोनामायने घर ओळखलं. चेहरा उजळला. पायऱ्या चढून वर गेली आणि उंबऱ्यातून वळून त्यांना म्हणाली, "उनं मन्हं घर. आते तू जाय, बेटा. तुन्ही माय वाट देखी ऱ्हायनी व्हई."

"हो," मोघे म्हणाले. "जातो."

ती आत गेली. ते खाली तसेच उभे होते. मग वळले आणि गाडीजवळून पुढे गेले, पण बसले नाहीत. टोपी हातात धरून स्टेशनच्या वाटेने चालू लागले. मी बैलांचा कासरा ढिला सोडला आणि गाडी हळूहळू त्यांच्यामागून येऊ दिली.